लोणी सोडलेली कमल

कमल टोस्टवरचं लोणी सुरीने खरवडायची आणि माझ्या टोस्टवर थापायची. मला विचारायची नाही. इकडे परदेशात, आम्ही राहतो त्या वेरिबीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर मंगळवारी आम्हा म्हाताऱ्यांचा चहा असतो. तिथला टोस्ट लोणी लावूनच येतो, "नो बटर" म्हणून कितीही सांगा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर एक ठेंगणी बाई येऊन बसली, तिने माझ्याकडे न बघता आपलं लोणी माझ्या ताटलीत सारलं आणि म्हणाली, "खा. तुझं काही सोडलेलं नाही ना?"

मी म्हटलं, "मी काहीच सोडलेलं नाही. एक नवरा सुटला, पण तोही आपणहून गेला."

ती हसली नाही. "मग खा," म्हणाली.

त्यानंतर सहा वर्षं मी दर मंगळवारी दोघींच्या टोस्टचं लोणी खाल्लं.

कमल सांगलीकडची. माहेरी म्हशी, सासरीही म्हशी. लग्नाआधी भाकरीवर लोण्याचा गोळा घेतल्याशिवाय उठायची नाही, असं तिनेच सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा नितीन नऊ वर्षांचा असताना तापाने महिनाभर पडून होता. डॉक्टर मान हलवायला लागले तेव्हा हिने बोलून ठेवलं की पोरगं उठलं तर काशीला जाऊन लोणी सोडीन. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडून यायची, ही जुनी रीत आहे. बहुतेक बायका न आवडणारी भाजी सोडून येतात. माझ्या सासूने कारलं सोडलं होतं. कमलने लोणी सोडलं आणि चाळीस वर्षं जिभेला लावलं नाही.

तूप मात्र ती खायची. मी एकदा धरलंच तिला. "तूप लोण्याचंच असतं ना गं?"

"कढवलं की ते लोणी राहत नाही."

"वकील व्हायचंस तू."

"सोडलं ते सोडलं. जे सोडलं नाही ते का सोडू?" असं तिचं सरळ असायचं. "सोडलं ते सोडलं" हे तर ती कशालाही म्हणायची. गावाला, घराला, विकलेल्या म्हशींना.

देवाला तुझ्या लोण्याचं काय करायचंय, असंही मी तिला विचारलं होतं. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला कळतं. ती म्हणाली, "देवाला काही नको असेल. पण मी खात नाही म्हणून नितीन उभा आहे. मला प्रयोग करून बघायचा नाही." पन्नाशीचा गडी, वेरिबीहून रोज ट्रेनने ऑफिसला जाणारा, डोक्यावर केस नाहीत. तो आईच्या लोण्यावर उभा होता म्हणे.

मग ती बाथरूममध्ये दोनदा पडली. एकदा दूध गॅसवर ठेवून मागच्या अंगणात जाऊन बसली. नितीनची बायको शिल्पा हॉस्पिटलात शिफ्टला, नितीन ऑफिसला, नात रिया शाळेत. घरात दिवसभर कोणी नाही. एक दिवस सरकारकडून दोन बायका आल्या आणि कमलला प्रश्न विचारून गेल्या.

"मला विचारतात, आज वार कोणता," कमल मला सांगत होती. "मी म्हटलं, मंगळवार, आणि तुमच्यामुळे माझा चहा बुडाला."

"मग?"

"मग काय, लिहून घेतलं. इंदे, मला होममध्ये टाकणार आहेत."

होम म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवायची जागा. जेवण, औषध, अंघोळ सगळं तिथलीच माणसं बघतात. नितीन तिला काही बोलला नव्हता, पण हिला कळलं होतं. तिला एकटं राहायची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती. "घरात मी काय शिजतंय ते बघते. तिथे ते बटाट्यात घालतील, सूपमध्ये घालतील, पावात घालतील, मला कळणार आहे का? माझ्या हातून मोडेल आणि त्याचं काहीतरी होईल." हे ती नितीनला सांगू शकत नव्हती. तो हसला असता. आणि तो तिला होमचं सांगू शकत नव्हता. दोघं एकमेकांना मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलायची.

अशात नितीनचं पॅरिसला आठवड्याचं काम निघालं. शाळेला सुट्टी होती म्हणून रिया निघाली. शिल्पाला रजा मिळाली नाही, म्हणून आईलाही न्यायचं ठरलं. कमल म्हणाली, इंदू आली तर येते. माझा मुलगा म्हणाला, जा, कधी जाणार आहेस. म्हणून मी गेले. विमानातच कमल माझ्या कानात म्हणाली, "आधी बोकडाला चारतात बघ. हा तिकडे होमचं बोलणार."

पॅरिसचं मला फार काही आठवत नाही. पाय सुजले होते. नितीन कामाला जायचा, आम्ही हॉटेलच्या खिडकीत बसायचो. सकाळी टोपलीत चंद्रकोरीसारखा पाव यायचा आणि बशीत कागदात गुंडाळलेल्या लोण्याच्या वड्या. कमल वड्या माझ्याकडे सरकवायची आणि पाव कोरडाच खायची. "हलका आहे गं. कोरडा असून घशात अडकत नाही," म्हणायची. दोन दोन खायची. मीही खायचे. बोटं तुपट व्हायची, पण आम्हाला वाटलं तेलाचा हात असेल.

पाचव्या दिवशी नितीनला सुट्टी होती. तो आम्हाला ट्रेनने रूआँ नावाच्या गावाला, तिथलं मोठं चर्च दाखवायला घेऊन गेला. जुनं गाव आहे. स्टेशनपासून सगळा उतार, आणि रस्ता दगडी, गोल गोल दगडांचा. उतरताना गुडघा काय म्हणतो ते ज्याचं त्याला माहीत. घरांचे वासे भिंतीच्या बाहेर दिसतात, तिरके, उभे, आडवे, जणू घर सदऱ्यासारखं उलटं करून घातलंय. एका कमानीवर सोनेरी घड्याळ आहे, त्याच्याखालून माणसं जातात. रिया पुढे पळायची आणि ओरडायची, "आजी, कम ऑन!" कमल तिथेच उभी राहायची. "मला घाई नाही, आणि माझ्या गुडघ्यांना तर मुळीच नाही. इंदे, बसायला कुठे आहे ते बघ आधी. देव कुठे जात नाही."

मग ते मोठं चर्च आलं. नितीन म्हणाला, याला गॉथिक बांधकाम म्हणतात. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी संपत नव्हतं. कळसाला परांची बांधलेली होती, डागडुजी चालू होती. समोरची सगळी भिंत दगडाची जाळी. माझे वडील पाथरवट होते. जाती, पाटे, वरवंटे घडवायचे. मी जवळ जाऊन भिंतीला हात लावला. मऊ दगड, खडूच्या जातीचा. कमलला म्हटलं, "आमच्या काळ्या दगडात अशी जाळी काढून दाखवा म्हणावं."

"काढली असती तर तुझे वडील जाती करत बसले असते का?" कमल म्हणाली.

आत गार होतं. खांब सरळ वर गेलेले, आणि बसायला खुर्च्या होत्या. कमल चर्चमध्ये अर्धा तास खुर्चीवर बसून राहिली आणि म्हणाली, झालं दर्शन. मला तर डुलकी लागली होती.

बाहेर आल्यावर नितीनने फोनवर वाचायला सुरुवात केली. "आई, हे ऐक. तुझ्या कामाचं आहे. हा उजव्या हाताचा बुरूज आहे ना, याला लोण्याचा बुरूज म्हणतात. पूर्वी यांच्या उपासाच्या दिवसांत लोणी चालायचं नाही. ज्यांना राहवत नव्हतं त्यांनी चर्चला दान द्यायचं आणि लोणी खायची परवानगी घ्यायची. त्या दानातून हा बांधला म्हणतात."

कमलने बुरूज खालून वरपर्यंत बघितला. "सगळा खाल्लेल्या लोण्याचा?"

"हो."

"यांचा देव बरा आहे. सूट देतो." नितीन फोटो काढायला लांब गेला तेव्हा ती मला म्हणाली, "यांनी खाल्लं तर एवढा बुरूज झाला. मी चाळीस वर्षं खाल्लं नाही, त्याचं काय झालं?"

"काय होणार? माझं वजन वाढलं."

तिने हनुवटीने नितीनकडे दाखवलं. तो फोन डोक्यावर धरून मागे मागे सरकत होता, टक्कल उन्हात चमकत होतं. "तो बघ की माझा बुरूज," ती म्हणाली.

समोरच एक हॉटेल होतं, बाहेर टेबलं मांडलेली. नितीन कॉफी आणायला आत गेला. रियाने आमच्यासाठी तोच चंद्रकोरीचा पाव आणला. कमलने अर्धा तोंडात घातला आणि म्हणाली, "हा पाव वेरिबीला मिळतो का गं? लोणी लावून देत नाहीत, हे बरं आहे."

रिया हसायला लागली. "लावायचं कशाला? आजी, इट्स लिटरली ऑल बटर. पिठाच्या लेयर्समध्ये बटरच असतं. तुला माहीत नव्हतं?"

कमल चावायची थांबली. तोंडातला घास बाहेरही काढेना, गिळेनाही. पोरीला कळलं की काहीतरी चुकलं. ती "सॉरी" म्हणून बापाला शोधायला आत गेली.

मी एरवी घाईने बोलत नाही, पण तेव्हा बोलले. "कमल, ऐक. भट्टीत गेला ना तो? म्हणजे लोणी कढलं. कढलं म्हणजे तूप झालं. तुझाच कायदा आहे."

तिने घास गिळला. "मला फसवू नकोस. पाच दिवस मी लोणी खाल्लं. दोन दोन खाल्ले."

"माहीत नव्हतं ना."

"तापाला माहीत असतं का?"

मला वाटलं रडेल. ती रडली नाही, ती काचेतून नितीनकडे बघत होती. तो रांगेत उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर, लहान मुलासारखा. मग कमल म्हणाली, "पाच दिवस झाले इंदे. त्याला साधी शिंकही आली नाही."

"मग बरंच आहे की."

"बरं आहे," ती म्हणाली. "म्हणजे तो माझ्यामुळे उभा नव्हता." हे बोलताना तिचा चेहरा इतका थकलेला होता की मी दुसरीकडे बघितलं. चाळीस वर्षं डोक्यावर हंडा धरून चालावं आणि उतरवल्यावर कळावं की तो रिकामा होता, तसं.

नितीन कॉफी घेऊन आला. अजून टेकलाही नव्हता. कमल म्हणाली, "नितीन, मी जाते होममध्ये."

त्याने कप टेबलावर ठेवला. "आई, तुला कोणी सांगितलं? आपण घरी गेल्यावर बोलू."

"घरी गेल्यावर तू बोलणार नाहीस. लहानपणीही ताप आला की सांगायचा नाहीस, अंगाला हात लावून मला कळायचं. जवळचं बघ म्हणजे झालं. इंदूला एका बसने येता आलं पाहिजे."

नितीनने चष्मा काढून पुसला. काचेवर काही नव्हतं. "आई, मी खूप विचार केला गं," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "केला असशील. कॉफी पी, गार होतेय." आणि उरलेला अर्धा पाव तिने संपवला.

स्टेशनपर्यंतचा चढ आम्ही चार वेळा बसून चढलो.

दोन महिन्यांनी ती होममध्ये गेली. एका बसने जाता येईल असं. मी मंगळवारचा सेंटरचा चहा सोडला आणि तिच्याकडे जायला लागले. पहिल्याच मंगळवारी चहाबरोबर टोस्ट आला, लोणी लावलेला. तिने सुरी उचलली आणि लोणी खरवडलं. मी सवयीने माझी ताटली पुढे केली. ती सुरी हातात धरून थांबली आणि मग ते लोणी तिने परत आपल्याच टोस्टवर फासलं, कडेपर्यंत, एकही कोपरा न सोडता.

खाऊन झाल्यावर मी विचारलं, "कसं लागलं?"

"खारट. आमच्या म्हशीचं गोड असायचं." तिने बोट चाटलं. "एवढ्यासाठी चाळीस वर्षं जीव टाकला मी."

पण दर मंगळवारी खायची. माझ्या ताटलीत पुन्हा कधी आलं नाही.

सव्वा वर्ष ती तिथे होती. तिला ती जागा आवडली, असं मी म्हणणार नाही. टीव्ही मोठ्याने असायचा, आणि डाळ मिळायची नाही. एका सकाळी झोपेतच गेली. स्मशानात नितीन माझ्याजवळ आला आणि विचारलं, "मावशी, मी चुकलो का?"

मी म्हटलं, "हो. पण दुसरं काही केलं असतंस तरी चुकलाच असतास. जा, घरी जाऊन जेव." तो गेला. धडधाकट आहे. परवाच वूलवर्थ्सच्या दुकानात दिसला.

मी पुन्हा मंगळवारी सेंटरला जाते. शेजारच्या खुर्चीवर कोणीही बसतं. आता माझ्या टोस्टवर एकाच टोस्टचं लोणी असतं. गेल्या महिन्यात डॉक्टर कागद बघून म्हणाली, कोलेस्टेरॉल उतरलंय, काय केलंत?

मी म्हटलं, मी काही केलं नाही.