लंडनच्या निकालापर्यंत गप्प

माझ्या धाकट्या बहिणीला मारहाण केल्याबद्दल तिचा नवरा लंडनच्या कोर्टात दोषी ठरला, पण तिथल्या पेपरात एक ओळही आली नाही. दुसऱ्या एका बाईला मारल्याचा खटला अजून बाकी होता. तो संपेपर्यंत न्यायाधीशांनी बातमीवर बंदी घातली होती.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत, मला कोण अडवणार? आमच्या वेस्ट विंडसरच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, बहिणीच्या नवऱ्याचे काका सांगत होते, "आमच्या पुतण्यासारखा सज्जन माणूस नाही." खरं काय ते सांगायला मी थाटात उठले.

लेक कुजबुजली, "गो अहेड, आई. इट्स फ्री स्पीच."

पण बहिणीने फोनवर बजावलं होतं, "ताई, दुसऱ्या खटल्याच्या ज्युरीच्या कानावर गेलं, तर फेअर ट्रायल झाली नाही म्हणून तो सुटेल." आणि आमच्या पॉटलकमधलं बोलणं तासाभरात लंडनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतं.

मला तो सुटायला नको होता. "काका, श्रीखंड वाढू?" मी गोड हसून विचारलं.

दुसऱ्या खटल्यातही तो दोषी ठरला आणि बंदी उठली. मी काकांना फोन लावला आणि अख्खी बातमी सावकाश, ठसक्यात वाचून दाखवली. मध्येच ते म्हणाले, "बास गं." मी पुढचा परिच्छेद सुरू केला.