दुपारी चढणारी रेषा
भाचीच्या बाळाला अंघोळीनंतर पावडर लावायला घेतली, की मी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जातो. काही वर्षांपूर्वी धुळ्याच्या ऑफिसात बसून मी आमच्या सगळ्या शाखांच्या लिनक्स सर्व्हरवर नजर ठेवायचो. त्या मे महिन्यात जळगावच्या सर्व्हरचं तापमान रोज दुपारी थोडं चढायचं आणि संध्याकाळच्या आत उतरायचं. लॉगमध्ये बिघाडाची एकही नोंद नव्हती, धोक्याच्या पातळीपर्यंत ते कधी गेलंही नाही, पण मला खटकायचं. शेवटी न कळवता जळगावला गेलो, तिथल्या साहेबांना सोबत घेतलं आणि सर्व्हर रूमचं दार उघडलं. आधी पावडरचा वास आला, मग रॅकमागे गोधडीवर झोपलेलं बाळ दिसलं. शेजारी डबा खात बसलेल्या, असोदा गावाहून झाडलोटीला येणाऱ्या ताई घाईघाईने उठल्या. "त्याले गार लागते, भाऊ, म्हनून एसी जरासा कमी करते," त्या म्हणाल्या. मी साहेबांदेखत मोबाइलवरचा तापमानाचा आलेख ताईंपुढे धरला आणि चढत्या रेषेवर बोट ठेवलं. ताईंनी एसी पुन्हा पहिल्यासारखा गार केला, बाळाच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला आणि त्याला घेऊन बाहेर उन्हात गेल्या. दुसऱ्या दिवसापासून रेषा सरळ झाली. मीटिंगमध्ये साहेबांनी ती सगळ्यांना दाखवली, माझं कौतुक केलं, मीही हसलो. आजही मी बघतो तेव्हा जळगावची रेषा दुपारभर सरळ असते. त्या उन्हाळ्यात ते बाळ दुपारी कुठे झोपायचं, हे मात्र मी कधी विचारलं नाही.