बिनगव्हाचा स्कोन

गल्लीत सगळे त्यांना भट्टीकाका म्हणत. कामावरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उभं आयुष्य त्यांनी एका बेकरीत काढलं. सगळं जग घोरत पडलेलं असताना हे मैद्याची पोती फोडायचे, आणि लोक डोळे चोळत दात घासायला लागायचे तेव्हा यांचे पाव फळीवर निवत असायचे.

उन्हं वर आली की घरी यायचे. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या शिवणीशिवणीत मैदा. बायको दारातच अडवायची.

"अहो, तिथेच थांबा. तुम्ही आलात की घरभर पांढरी पावलं उमटतात."

शर्ट काढून घ्यायची, मागच्या गॅलरीत जायची आणि तो जोरजोरात झटकायची. मग खोकत आत यायची आणि चहा टाकायची. तोवर काका कागदी पिशवी टेबलावर ठेवायचे. पिशवीत स्कोन असायचे. हाताने मोडले की मधून वाफ निघणारे, पावापेक्षा घट्ट आणि केकपेक्षा साधे. बेकरीत ते काकांच्याच हातचे. मालकसुद्धा त्यात नाक खुपसत नसे. पहिला स्कोन बायकोच्या बशीत पडायचा. ती अर्धा खायची, हसायची आणि म्हणायची, "छान झालाय."

ही बाई हळूहळू वाळत गेली. पोट फुगायचं, तोंड यायचं, जिने चढताना धाप लागायची. एका डॉक्टरांनी पित्त सांगितलं, दुसऱ्यांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या, तिसरे म्हणाले, बाई फार विचार करतात. काका तिला आणखी लोणी लावून द्यायचे. अंगात जरा ताकद येऊ दे, म्हणायचे. शेवटी हाडांची मोळी तेवढी उरली आणि एका हिवाळ्यात तीही गेली. माणसं आली, बसली, गेली. काका रडले, सावरले, पुन्हा भट्टीवर उभे राहिले. दुखणं होतं, माणूस गेलं. आपला त्यात काही हात असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

पुढे काय झालं, तर त्यांची नात आजारी पडायला लागली. मुलीची मुलगी, शाळेत जाणारी, जिभेने तिखट. गल्लीत तिला सगळे मिरची म्हणत. मिरचीचं पोट फुगायला लागलं, हातापायांच्या काड्या झाल्या. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी आईला बोलावलं. सोबतीला काकाही गेले.

"हिच्या आतड्याला गहू चालत नाही," बाई म्हणाल्या. "गव्हात ग्लूटेन असतं, त्याने आतून इजा होते. सिलिअॅक म्हणतात याला. गहू, मैदा, रवा, जव सगळं कायमचं बंद. पथ्य पाळलं की पोर टुणटुणीत होईल. हे घराण्यातून येतं. तुमच्याकडे आणखी कुणाला पोटाचं जुनं दुखणं होतं का?"

काकांची मुलगी स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

"हिच्या आजीला होतं," ते म्हणाले. "बाई, एक विचारू? कपड्यांवरचं पीठ... झटकताना उडतं ते... त्यानेही होतं?"

"नाकातोंडातून पोटात गेलं तर होतं. पण मुख्य म्हणजे खाणं."

"ती रोज खायची. मीच आणायचो."

बाईंनी चष्मा काढला. "काका, त्यांची तपासणी झालेली नाही. आता कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही."

तेच काकांना खात गेलं. हो म्हणाल्या असत्या तर ऊर फुटून रडता आलं असतं. नाही म्हणाल्या असत्या तर हात जोडून घरी आले असते. ही टांगती तलवार मात्र मरेपर्यंत डोक्यावर राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते पूर्वी घरी यायचे त्याच वेळेला, गॅलरीतून आवाज आला. फट्. फट्. कुणीतरी कपडा झटकत होतं. मागून खोकला.

काकांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. शेजारचं कुणी असेल म्हणून ते उठून गेले. दोरीवर काही नव्हतं, शेजारची खिडकी बंद होती. कठड्यावर बोट फिरवलं, तर बोटाला पांढरं लागलं. भिंतीचा चुना असेल, नाहीतर साधी धूळ. ते बोट त्यांनी साबणाने पुन्हा पुन्हा धुतलं.

मग हे रोजचंच झालं. काकांनी घर घासायला घेतलं. जुने साचे, लाटणं, चाळण्या, भोकाभोकांत मैदा बसलेला तो लाकडी पाट, सगळं भंगारात गेलं. फळ्यांचे कागद बदलले. ओव्हन आतून खरवडून काढला. तरी सकाळ झाली की फट्, फट्, आणि खोकला. मुलगी म्हणाली, "बाबा, चार दिवस माझ्याकडे राहायला या." ते गेले नाहीत. आपण नसताना तिच्या हातून तो झटकलेला शर्ट कोण घेईल, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एका रविवारी मिरची आली आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

"आजोबा, वर्गात सगळे पाव खातात. मी भाताचा डबा नेते. तुम्ही तर भट्टीकाका आहात ना? मग मला करून द्या की काहीतरी!"

"मला नाही जमणार गं."

"का? हात मोडलेत?"

काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. या हातांनी पुन्हा कुणाला काही भरवायचं हे त्यांना नकोच होतं. पण पोरीने मान वाकडी करून त्यांच्याकडे असं बघितलं, की ते उठले.

नवं भांडं आलं, नवं लाटणं आलं. तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व आणि बेकिंग पावडर आणली, तेही पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचून. थंड लोणी बोटांनी पिठात चोळलं, दूध घातलं आणि काका थबकले. उभ्या आयुष्यात असं पीठ त्यांच्या हाताखाली आलं नव्हतं. मैदा ओढ घेतो, हाताशी झोंबतो. हे निर्जीव पडून होतं. पहिली खेप ओव्हनमध्ये पसरून तिचा चिखल झाला. दुसरी इतकी कडक झाली की मिरची म्हणाली, "याने खिडकी फुटेल." औषधवाल्याने इसबगोल सुचवलं. ते पाण्यात भिजवून त्याचा बुळबुळीत गोळा पिठात कालवला, तेव्हा कुठे पीठ एकमेकांना धरून राहिलं. काकांनी ते जाडसर थापलं, नव्या वाटीने गोल कापलं, वरून दुधाचा हात फिरवला. या खेपेला स्कोन फुगले. वरून सोनेरी झाले.

मिरचीने चावा घेतला. तिची आईही समोर होती, तिनेही तुकडा मोडला.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"वाळू खाल्ल्यासारखं वाटतंय," मिरची म्हणाली.

"छान झालाय," तिची आई म्हणाली आणि हसली.

काकांच्या हातातलं फडकं गळून पडलं. तेच हसू होतं. ओठ किंचित मुडपलेले, डोळे बशीवर. इतक्या वर्षांनी बायको त्यांच्या टेबलाशी येऊन बसली होती आणि त्यांची समजूत घालत होती.

पोर खेळायला गेल्यावर त्यांनी मुलीला धरलं. "खोटं का बोललीस?"

"बाबा, एवढ्या कष्टाने केलंत..."

"तुझी आईसुद्धा खोटं बोलायची?"

मुलीने बशी बाजूला सारली. मग तिचा आवाज फुटला. "तुमचा स्कोन खाल्ला की पोटात दगड ठेवल्यासारखं होतं, असं मला म्हणायची ती. पण त्यांना सांगू नकोस, म्हणायची. दमून येतात बिचारे, रोज एवढ्या मायेने आणतात. मी लहान होते, बाबा. मला वाटलं, आईचं ऐकायचं असतं."

काका खाली बसले. रागवावं कुणावर तेच कळेना. मग ते मुलीकडे नीट बघायला लागले, कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं तसं. गाल बसलेले. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"तुझं पोट कसं असतं?"

"मला काय धाड भरलीय? जरा दगदग होते, एवढंच."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे घराण्यातून येतं. उद्या तपासून घे."

"बघू पुढच्या महिन्यात."

"उद्या!" काका ओरडले. त्यांच्या ओरडण्याने तीही दचकली आणि तेही. "तुझी आई पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत गेली. मी चहा पीत बसलो होतो. आता नाही बसणार."

सकाळी ते स्वतःच मुलीच्या दारात जाऊन उभे राहिले. गॅलरीतला आवाज त्या दिवशी आला की नाही, ते ऐकायला काका घरात नव्हतेच.

तपासणीत निघालं ते तेच. मुलीलाही गहू चालत नव्हता, आणि आतून बरंच नुकसान झालं होतं. पण वेळ गेलेली नव्हती, बाई म्हणाल्या. वर्षभर नीट पथ्य केलं तर भरून येईल. मुलगी रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. काका तिची पाठ थोपटत राहिले. तिचे मणके एकेक करून हाताला लागत होते. ती पाठ त्यांच्या ओळखीची होती.

पुढे काकांनी कृती सुधारली. पीठ चाळून चाळून बारीक केलं, मळल्यावर झाकून मुरत ठेवलं, तेव्हा दाताखालची कचकच गेली. दर रविवारी दोघी येतात. मिरची अंगाने भरलीये आणि जिभेने आणखी तिखट झालीये. तिच्या तोंडून "बरा आहे" निघालं की काका तेवढ्यावर आठवडा काढतात. मुलीला मात्र खरं सांगणं अजून जड जातं. परवा तिने घास घेतला, ओठ मुडपले, हसायला लागली. काका तिच्याकडे बघतच राहिले. तिने घास गिळला.

"खारट झालाय, बाबा," ती हळूच म्हणाली. "खाववत नाहीये."

काकांनी तिच्या पुढची बशी उचलली. "मग टाक ना तो," ते म्हणाले, "टाक. कशाला गिळलास?" आणि तिच्याकडे पाठ करून ते पुन्हा पीठ मोजायला लागले. माप त्यांना तीनदा ओतावं लागलं.