अशोकनं बॅटरी धरली होती

सोयगावला पुतणीच्या हळदीचा मांडव होता. वाजंत्र्यात फोन ऐकू येईना म्हणून मी मांडवामागं गेलो. "काका, पप्पा गेले," माझ्या मित्राची, अशोकची मुलगी प्रज्ञा म्हणाली. तसाच मिळेल त्या गाडीनं संभाजीनगर गाठलं, तेव्हा त्याच्या घरापुढं बुद्धवंदना सुरू झाली होती. माझ्या गालाला हळद लागली होती, हे स्मशानातून परतल्यावर आरशात दिसलं. तिथं कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

अशोक आणि मी वाळूजच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बरोबर होतो. मी उत्पादनात, तो मेंटेनन्सचा फिटर. आयटीआय करून आलेला, बुटका, बोलायला कमी. मशीन बंद पडलं की आधी त्याला हात लावून उभा राहायचा, डॉक्टरनं नाडी बघावी तसा. मला तो 'दिनूभाऊ' म्हणायचा. एका डब्यात जेवलो, एकमेकांच्या पोरींच्या लग्नात राबलो. आपण याला पुरता ओळखतो, असं मला वाटायचं.

निवृत्तीनंतर मी शिडाची जुनी बोट घेतली. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर, त्यामुळं गावात सगळे हसले. कोकणातल्या एका खाडीकाठी ती उभी असायची. आत दोन बाकं, छोटी शेगडी आणि कपाटाएवढा संडास. अशोकला पोहता येत नव्हतं, तरी पहिल्या फेरीला तोच आला. पण केबिनमध्ये शिरलं की वास मारायचा. संडासाची टाकी धुतली, औषध ओतलं, वास हटेना. बोट डागडुजीसाठी काठावर ओढली, तेव्हा अशोकनं गरम पाण्यात फडकं पिळलं, संडासाच्या पाइपाभोवती गुंडाळलं, जरा वेळानं सोडून माझ्या नाकाशी धरलं. मी मान मागं घेतली. "टाकीचा दोष नाय," तो म्हणाला. "पाइपच वास प्यालेत. सगळे बदलावे लागतील."

मी सहज म्हणालो, "इथं या कामाला एखादा माणूस मिळेल की. आपण कशाला हात घालायचा?"

अशोक फडकं घडी करत होता. "एखादा म्हंजे कोण, साहेब?"

अठ्ठावीस वर्षांत त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं. उत्तर मला माहीत होतं. तो चिडला नाही. पिशवीतून करवत, पान्हा आणि हातमोजे काढून माझ्यापुढं ठेवले. "बोट तुझी, घाण तुझी न् माझी. तू काढ. मी बॅटरी धरतो."

मी बाकाखाली पालथा पडलो. पाइप आवळून धरणाऱ्या क्लिपा गंजलेल्या, पाइप लाकडासारखे कडक. करवतीनं तुकडे करून काढावे लागले. मनगटाएवढ्या पाइपात चुन्यासारखा थर साचून बोटभर वाट उरली होती. दोनदा बाहेर येऊन ओकलो. दोन्ही वेळा त्यानं पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि मी परत आत शिरलो. नवे पाइप चढवताना मी घाईनं एक क्लिप तशीच सोडली, तर मागून शांत आवाज आला, "दोन क्लिपा, दिनूभाऊ. एक निसटली तर दुसरी पाहिजे." मी पुन्हा दिनूभाऊ झालो होतो. त्या अंधाऱ्या फळीखाली माझे डोळे भरून आले. नव्या पाइपाचं तोंड उकळत्या पाण्यात धरून मऊ करायचं आणि एका दमात चढवायचं, हे त्यानं सांगून शिकवलं, पण हात माझेच चालू दिले.

काम संपायला दुसरा दिवस मावळतीला आला. खाली उतरलो तेव्हा तो मगानं माझ्या हातांवर पाणी घालायला लागला. घालता घालता म्हणाला, "माझे वडील नगरपालिकेत गटारात उतरायचे. घरी आले की बाहेर नळापाशीच उभे. आई असंच वरून पाणी घालायची. अंग कोरडं होईस्तोवर आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाय. मला ती लई मोठी वाट वाटायची... दारापासून नळापर्यंत." मग म्हणाला, "मी फिटर झालो तवा ते रडले होते." इतक्या वर्षांत मी त्याला वडिलांविषयी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हाही 'माफ कर' म्हणायला हवं होतं. मी साबण मागितला.

त्यानंतर तीन हिवाळे आम्ही ती बोट चालवली. किनारा नजरेआड जाऊ द्यायचा नाही, एवढीच त्याची अट. वारा नीट भरला की तो मांडीवर हात ठेवून शिडाकडं बघत बसायचा, आणि मी त्याच्याकडं बघत राहायचो.

मग त्याला पोटाचा आजार निघाला. शेवटच्या महिन्यात वहिनींना थोडी झोप मिळावी म्हणून दुपारी मी दवाखान्यात बसायचो. एकदा लघवीची पिशवी भरली. "सिस्टरला हाक मार," तो म्हणाला. मी पिशवी रिकामी करून आणली, नळी नीट लावली. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याला बरं वाटलं की अवघडला, मला कधी कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. सोयगावला निघालो, तेव्हा तो झोपला होता. उठवलं नाही...

मागच्या आठवड्यात एकटाच बोटीवर गेलो. केबिनला आता नुसत्या लाकडाचा वास येतो. क्लिपा बघाव्यात म्हणून बाकाची फळी उचलली, तर तिच्या खालच्या बाजूला काळ्या शाईत अशोकचं टपोरं अक्षर दिसलं. कारखान्यात दुरुस्ती झाली की फिटर मशीनला अशीच नोंद लावून ठेवायचे. कधी लिहिलं, कळलंच नव्हतं मला. 'पाइप नवीन. क्लिपा वर्षातून एकदा आवळणे.' त्याखाली दोन ओळी होत्या. 'फिटर – दिनकर. हेल्पर – अशोक.'

फळी मी अलगद बाजूला ठेवली. मग पालथा पडलो आणि एकेक क्लिप अर्धा फेरा आवळली.