पोरीच्या वाटचं तीर्थ

माझ्या लेकीला पोलीस व्हायचं होतं आणि नाकावर चष्मा होता. ज्या भरतीत तिला उतरायचं होतं तिथे चष्मा चालत नव्हता. लेझर करून घेतलेलं चालतं, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. पोरगी माझीच, कुठलं काम अर्धवट करायची नाही.

सासऱ्यांचा मात्र विरोध. धडधाकट डोळ्याला हात कशाला लावायचा, म्हणाले. तरी नाशिकला दवाखान्यात आमच्याबरोबर आलेच आणि डॉक्टरांना असं खोदून खोदून विचारलं की मलाच संकोच वाटला. पोरगी चालत आत गेली, चालत बाहेर आली. डॉक्टरांनी बजावलं, औषध वेळेवर घाला, डोळे चोळू नका आणि काही दिवस डोळ्यात साधं पाणीसुद्धा जाऊ देऊ नका. जंतू शिरले तर केलंसवरलं सगळं वाया.

आमच्या दिंडोरीकडे कुणाचं दुखलंखुपलं की अख्खी भावकी बघायला येते, आणि रिकाम्या हाताने येत नाही. एकीने डोळ्यात घालायला मध आणला, एकीने गुलाबपाणी. मी सगळ्यांना वाटेला लावलं. फटकळ म्हणून माझं नाव आधीच झालेलं आहे.

मग अक्का आल्या. सासऱ्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर सासऱ्यांना त्यांनीच वाढवलं, आणि त्यांचा शब्द सासऱ्यांनी कधी खाली पडू दिला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या त्र्यंबकेश्वरला जाऊन, पोरीसाठी गडूभर कुशावर्ताचं तीर्थ घेऊन आल्या होत्या. थेट खाटेपाशी गेल्या आणि पोरीला गॉगल काढायला सांगितला. तीर्थाला नाही कसं म्हणायचं? माझं तोंड पहिल्यांदाच बंद पडलं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

सासरे उठले आणि दोघींच्या मधे येऊन बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्का, तिच्या डोळ्याला पाणी चालत नाय," ते म्हणाले. "पोरीच्या वाटचं माझ्या डोळ्यात घाल."

अक्कांनी भावाची हनुवटी वर केली आणि लहान लेकराला घालावं तसं दोन्ही डोळ्यांत तीर्थ घातलं. सासऱ्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्यात तीर्थ किती होतं देव जाणे. लग्न होऊन या घरात आल्याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

भरतीच्या तपासणीत लेकीने तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचली. आज ती वर्दीत आहे, आणि अक्का गावभर सांगतात की हा तीर्थाचा गुण. वेळच्या वेळी औषध घातलं मी, पण माझं कुठे नाव नाही. एकदा चिडून मी सासऱ्यांना म्हटलं, तुम्ही तरी त्यांना खरं काय ते सांगा.

"काय सांगू?" ते म्हणाले. "तिनं माझ्या डोळ्यात घातलं, आन् पोरीला दिसाया लागलं. खोटं हाय का?"