मास्तरसाबांचा रांजण

स्पष्टच लिहितो. मास्तरसाबांचे मासे मी मारले.

निजामाच्या राज्यात आम्हा मराठी पोरांच्या गळ्यात उर्दू शाळा बांधली, याच्या निषेधाची पत्रकं मी काढली आहेत आणि त्यातला एक शब्दही मागं घेणार नाही. पण मला ती उर्दू शिकवणारे मास्तरसाब आमच्याच गल्लीत राहायचे. नोकरी संपलेली, बायको वारलेली, घरात एकटे. ओसरीवर लोखंडी चौकटीची मोठी काचेची पेटी होती. तीत नळदुर्गाहून बोरी नदीतून आणलेलं पाणगवत आणि बोटाएवढे नऊ मासे. दिवसभर त्यांच्याशीच बोलायचे.

धाराशिवात आमच्या आडाचं पाणी जड. त्यात तूरडाळ शिजत नाही, घागरीला आतून पांढरा थर धरतो. तेच पाणी पेटीत घातलं की पानांवर थर बसून गवत कुजायचं. म्हणून मास्तरसाब पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी रांजणात धरून ठेवत आणि वर्षभर पुरवत. औषधाच्या बाटलीत पेटीतलं पाणी घेऊन त्यात साबणाची कपची टाकायची, बाटली हलवायची. फेस टिकला तर ठीक. नासक्या दुधासारखं फुटलं तर पाणी जड झालं.

वैशाखात ते मोतीबिंदू काढायला हैदराबादला निघाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मलाच का?" मी विचारलं.

"गल्लीत बाकी सगळे कामाचे, मियाँ. रिकामा तू एकटाच. पाणी उन्हानं आटतं, पण त्यातला चुना मागंच राहतो. म्हणून रोज एक तांब्या घालायचा, तो रांजणातलाच. आडाचा न्हाय."

"माणसं जड पाणी पितात अन् मासोळ्यांना गोड पाणी? हा न्याय हाय का?"

"न्याय तू मागाहून कर. आधी तांब्या घाल."

बारा-तेरा दिवस घातला. मग गावाबाहेरच्या आमराईत आमची निजामाविरुद्धची सभा ठरली. खेड्यापाड्यांतून कार्यकर्ते आले, जेवण आमच्याकडं. डाळ दोन तास चुलीवर, तरी खड्यासारखी. आचारी म्हातारा चिडला. "ह्या पाण्यात उद्याच्याला बी शिजायची न्हाय. तुमचं स्वराज्य काय दातानं फोडून खायाचं?"

मला रांजण आठवला. तिथंच उभा राहून मी बोललो, की माणसं उपाशी असताना माशांसाठी पाणी राखणं हाही एक जुलूमच आहे. टाळ्या पडल्या. चौघांना घेऊन गेलो आणि घागरी भरभरून रांजण तळापर्यंत उपसला. डाळ लोण्यासारखी शिजली. पंगत बसली, पानावर भात पडला, तेवढ्यात पोलीस आले. आम्ही वाट फुटेल तिकडं पळालो. पातेलं धुळीत उपडं झालं. एकाच्याही तोंडात घास गेला नाही. आचारी म्हातारा पळू शकला नाही, त्याला पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं.

त्यानंतर पेटीत आडाचंच पाणी घालत राहिलो. दुसरं होतंच कुठं? तिसऱ्या आठवड्यात पानं पांढरी पडली, मग देठं सुटली, पाणी गढूळलं. बाटलीत साबण फुटला. मास्तरसाब आठवड्यानं येणार, असा निरोप होता. आमच्या घरी गढूळ पाणी आलं की आई घागरीत तुरटी फिरवते, गाळ खाली बसतो. तुरटीनं पाण्याचा जडपणा जात नाही, हे आईला ठाऊक असेल. मी विचारलं नाही. घागरीला चार फेरे, तर एवढ्या पेटीला किती, असा हिशेब करून खडा अर्धा होईपर्यंत फिरवला. संध्याकाळी पाणी आरशासारखं झालं. मी खूश होऊन झोपलो. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दुपारी त्या स्वच्छ पाण्यावर नऊच्या नऊ उलटे तरंगत होते.

मास्तरसाब आले ते भाच्याचा हात धरून. एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं धूसर दिसत होतं. मेलेले मासे मी आधीच काढले होते. पेटीच्या काचेला नाक लावून ते म्हणाले, "पाणी लई साफ ठेवलंस, बेटा. सगळे लपून बसलेत का?"

मी सांगितलं. रांजण, डाळ, तुरटी. भाचा मला शिव्या देऊ लागला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. चाचपडत रांजणाशी गेले, खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटं कोरड्या तळावर घासल्याचा आवाज आला.

"डाळ शिजली तरी का?"

"शिजली, मास्तरसाब."

"सगळे पोटभर जेवले?"

इतकी पत्रकं लिहिली, पण एवढं सहज खोटं कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "जेवले."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि भाच्याला पेटी रिकामी करून परसात न्यायला सांगितली.