शिंगाला बांधलेला टॉवेल

अण्णांना काही सांगायचं म्हणजे आधी त्यांचा हात कुठे आहे ते पाहावं लागे. मागाजवळ उभे असले तर तळहात मागाच्या सांगाड्यावर, चहाला बसले तर टेबलावर. हात नीट टेकवून झाला की मान वर करून म्हणायचे, "बोला की. टेकवलाय."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग पुन्हा चालता करणारा माणूस. मी तिथेच स्टोअर सांभाळतो, म्हणून ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय स्टोअर, आज कुणाची माफी मागितली?" एवढंच. माझा स्वभाव त्यांनी बरोबर हेरला होता. माझ्या हातून काही चुकलं की मी माफी मागत सुटतो, समोरचा विसरून गेला तरी थांबत नाही.

तुम्ही चालू मागांच्या शेडमध्ये कधी उभे राहिला असाल, तर तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघत का बोलतात ते तुम्हाला ठाऊक असेल. सगळी उमर त्या खडखडाटात काढल्यावर अण्णांचे कान गेले होते. कळायचं ते समोरच्याच्या ओठांवरून आणि टेकवलेल्या तळहाताला लागणाऱ्या थरथरीवरून. मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात पडून असायचं. "ते घातलं की डोक्यात माग सुरू होतो," म्हणायचे. "घरी तरी सुट्टी नको व्हय?"

असा माणूस गिटार वाजवतो हे नव्या कामगारांना खरं वाटत नसे. तरुणपणी ते गणपतीच्या ऑर्केस्ट्रात होते, तेव्हाची ती लाल इलेक्ट्रिक गिटार. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती कारखान्यात यायची. त्या दिवशी माग बंद असतात. तेल पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते. पूजा झाली की अण्णा स्टुलावर बसत, गिटार उभी धरून तिच्या वरच्या शिंगावर तोंड टेकवत आणि डोळे मिटून वाजवत. गिटारच्या अंगाला मानेच्या दोन्ही बाजूंनी शिंगांसारखी दोन टोकं असतात, त्यातलं वरचं. आम्हा सगळ्यांना वाटायचं, म्हातारा वाद्याला नमस्कार करतोय. खंडेनवमीच ती, काहीजण आपणही हात जोडायचे.

एका वर्षी त्यांचा खांदा धरला होता. गिटार पाठीवर घेऊन सायकल मारणं त्यांना जमेना. मी म्हणालो, "द्या, मी माझ्या गाडीवरून आणतो." मोटरसायकलच्या मागे टॉवेलच्या काठाच्या पट्टीनं ती बांधली आणि निघालो. एमआयडीसीच्या वळणावर गतिरोधकावरून गाडी उडाली, गाठ सुटली आणि गिटार पट्टीला लोंबकळत रस्त्यावर घासत आली. मला कळलं ते मागून येणाऱ्या अण्णांच्या ओरडण्यानं. सायकल टाकून ते धावत आले होते.

मान जोडाशी तडकली होती. एका बाजूचा टवका उडाला होता आणि लाल रंग पार लाकडापर्यंत खरवडून निघाला होता. अण्णांनी तळहात गिटारच्या पोटावर ठेवला, एक तार छेडली.

"हाय अजून," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "स्टोअर, सोलापुरात राहून गाठ मारता येईना व्हय तुमाला?"

तिथंच रस्त्याच्या कडेला बसवून त्यांनी मला विणकराची गाठ शिकवली. मी रडकुंडीला आलो होतो. तीनदा चुकलो. ते म्हणाले, "आधी गाठ, मग माफी."

गिटार मी माझ्या घरी नेली. दुरुस्त करून देतो म्हणालो तेव्हा मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकलो. तारा काढल्या, स्क्रू वाटीत ठेवले, आतल्या वायरी कुठल्या कुठे जातात त्याचे फोटो काढले. तडकलेल्या मानेत सरस भरून ती पट्ट्यांनी आवळून ठेवली. जुना रंग घासून काढला. उडालेल्या टवक्याच्या जागी खड्डे बुजवायची लांबी भरली, सुकल्यावर पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. बोटांची टोकं सोलून निघाली. खरं सांगतो, ती सोलली की मला बरं वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी अण्णा येऊन पायरीवर बसत. चहा पीत आणि नावं ठेवत. "हितं खडबडीत हाय. टॉवेल न्हाय विणायचा, गिटार हाय." लाकडावर हात फिरवून मान हलवत. पसंत पडलं तर त्यांच्या घरच्या तेलुगूत म्हणत, "बागुंदी."

रंगानं मला रडवलं. दुपारच्या उन्हात गच्चीवर फवारा मारला तर रंग वाटेतच वाळून वाळूसारखा बसला. मग पहाटे मारायला लागलो, तर माझ्याच कपड्यांतलं सुताचं पिंजण उडून ओल्या रंगाला चिकटलं. सगळं पुन्हा घासलं. शेवटी मी आंघोळ करून ओल्या पंचावर गच्चीत जायला लागलो. बायको खालून म्हणाली, "सोवळ्यातला रंग का हो?"

शेवटचा हात द्यायचा होता तेव्हा अण्णा नातेवाइकाच्या लग्नाला गावाला गेले होते. वरच्या शिंगाच्या कडेला दोन खोलगट खळगे राहिले होते. रस्त्यावर आपटूनच पडले असणार असं मी धरून चाललो. त्यांच्या आतलं लाकूड काळं पडलं होतं, म्हणजे ते फार जुने होते. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी लांबी भरली, गुळगुळीत केली, वर लाल रंग आणि काचेसारखं पॉलिश चढवलं. अण्णा आले की चकित होतील, एवढंच डोक्यात होतं.

त्यांच्या घरी नेली तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गिटारला कुंकू लावलं. अण्णांनी ती उभी धरली, शिंगावर तोंड टेकवलं आणि तार छेडली. मग तोंड जरा सरकवलं. पुन्हा सरकवलं. अंगठ्यानं कडा चाचपली.

"हितं खड्डे होते."

"भरले मी," मी अभिमानानं म्हणालो. "दिसतायत का कुठे?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "बागुंदी." आणि गिटार खुंटीला लावली.

अक्का मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. हळू बोलायची गरज नव्हती तरी हळू बोलल्या. "तुमाला म्हाईत नव्हतं व्हय? ते दातानं ऐकतात. तितं दात रोवले की सूर डोक्यात जातो म्हणतात. दुसरं कसंच येत न्हाय."

मी तसाच परत वर गेलो. अण्णांचा हात धरून दारावर टेकवला आणि ओरडून सांगितलं, "अण्णा, चावा. पाहिजे तेवढं चावा. मी खरवडून देतो."

अण्णा मोठ्यानं हसले. "तुमी बोटं सोलून पॉलिश केलं, आन् मी दात लावू? कुत्रा हाय का मी?"

पुढच्या खंडेनवमीला ते गिटार न घेताच आले. "बोटं दुखतात," म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मागांना माळा घातल्या, नारळ फुटले, आणि पूजा संपल्यावर शेडमध्ये जी शांतता पसरली ती माझ्यामुळे होती. मी महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जायचो. गिटार खुंटीला असायची, वरच्या शिंगाला आमच्याच कारखान्यातला एक टॉवेल गुंडाळून गच्च बांधलेला. "धूळ बसती," अण्णा सांगायचे. मला तो टॉवेल बघवायचा नाही. मी पुन्हा माफी मागायचो. ते विचारायचे, "स्टोअर, तुमी चहाला आलाय का माफीला? एकच काय ते मिळंल."

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दिवस झाल्यावर मी अक्कांना भेटायला गेलो. त्यांनी गिटार खाली काढून माझ्या मांडीवर ठेवली. "पोरगं म्हणतंय ठेवायला जागा न्हाय. तुमी न्या."

टॉवेलची गाठ मी सोडली. विणकराचीच होती, वेळ लागला. आतलं शिंग पार चावून निघालं होतं. माझं पॉलिश फुटलं होतं, रंग उडाला होता, भरलेल्या लांबीचा मागमूस नव्हता. दोन खळगे होते, पहिल्यांपेक्षा खोल.

"रोज वाजवायचे," अक्का म्हणाल्या. "तुमची गाडी खाली वाजली की मीच सांगायची, स्टोअर आले. मग पळत जाऊन टॉवेल बांधायचे. तुमच्यासमोर दात लावायची लाज वाटायची त्यांना. म्हणायचे, त्याला दिसलं तर उचलून नेईल आन् परत भरून आणंल."

त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावला. मला माफी मागायची होती. कशाची, ते सुचेना.

गिटार गाडीला बांधली. अक्का खाली आल्या, गाठ दोनदा ओढून बघितली आणि मगच मला जाऊ दिलं. वळणावरच्या गतिरोधकावर गाडी उडाली, गाठ हलली नाही.

आता ती आमच्या पुढच्या खोलीत आहे. मी तिला रंग लावलेला नाही. वाजवता मला येत नाही. कधी घरात कुणी नसलं की शिंगावर तोंड टेकवून नुसती जाड तार छेडतो. अण्णांचे पुढचे दात मोठे होते. माझे त्या खळग्यांत सैल बसतात. तरी ऐकू येतं.